तारेची बॉबिन लेस : पहिली पट्टी

बॉबिन लेस म्हणजे उशीवर टाचण्या रोवून, बॉबिनवर (लहान दांड्यांवर) गुंडाळलेले दोरे एकमेकांवरून नेत विणलेली जाळी. ती दोऱ्याची जमते म्हणून तारेची लगेच जमेल असं नाही. दोरा सैल विणून मागाहून ओढून बसवता येतो. तार एकदा वळली की वळलेलीच राहते. त्यामुळे ती ओढायची नसते, बोटांनी जागेवर नेऊन ठेवायची असते. पुढचे बहुतेक बिघाड ओढायच्या सवयीमुळेच होतात.

शिकायला इनॅमल चढवलेली तांब्याची तार घ्या, ०.१९ मिमी जाडीची. सांगलीत पाण्याच्या मोटारी भरून देणाऱ्यांकडे हीच तार ३६ गेज म्हणून वजनावर मिळते. अमेरिकी मापात ३६ गेज म्हणजे ०.१३ मिमी, म्हणून ऑनलाइन मागवताना मिलिमीटरच बघा. १०० ग्रॅममध्ये साधारण ३८० मीटर तार येते, तेव्हा ५० ग्रॅमही खूप झाली. जळक्या मोटारीतली तार फुकट मिळाली तरी नको. इनॅमल करपलेलं असतं आणि जुनी वळणं सरळ होत नाहीत. मिरजेत तंतुवाद्यांच्या तारा हाताशी असतात, पण त्या मुद्दाम कडक ठेवलेल्या असतात. टाचणीभोवती वळवल्या की उसळून सुटतात. त्या सतारीलाच राहू द्या.

उशी घट्ट हवी. थर्माकोलची भोकं लगेच मोठी होतात आणि टाचण्या आत कलतात. पॅकिंगचा दाट फोम, ४-५ सेंमी जाड, चांगला चालतो. टाचण्या जाडसर घ्या आणि किंचित बाहेर कलत्या रोवा.

पहिली पट्टी १५ सेंमी लांब, १.२ सेंमी रुंद, सलग क्लॉथ स्टिचची (साधी उभी-आडवी वीण, कृती पुढे) करा. पाच उभ्या जोड्या आणि एक आडवी, म्हणजे १२ बॉबिन. प्रत्येक कडेला ४ मिमीवर टाचणीसाठी एक भोक, दोन्ही बाजूंची भोकं एकाआड एक. अशा ७५ ओळी होतात. आडवी तार ओळीला १.२ सेंमी जाते, म्हणजे ९० सेंमी. टाचण्यांवरची वळणं आणि हाताला लागणारी तार धरून प्रत्येक आडव्या बॉबिनवर दीड मीटर गुंडाळा. उभ्यांना ३० सेंमी पुरे. एकूण तार जेमतेम ६ मीटर, दीड-दोन ग्रॅम. जोडीतल्या दोन्ही बॉबिनवर एकाच तारेची दोन टोकं गुंडाळायची, मधला भाग टाचणीवर अडकवायचा. दोऱ्यासारखा बॉबिनच्या मानेवर (वरच्या अरुंद भागावर) फास घालू नका, तिथेच तार मोडते. मानेला तीन साधे वेढे आणि वर छोटं रबरबँड बस झालं.

क्लॉथ स्टिच असा: आडवी जोडी आणि शेजारची उभी जोडी, अशा चार बॉबिनांतले मधले दोन घेऊन डावा उजव्यावर, हा क्रॉस. मग दोन्ही जोड्यांत उजवा डाव्यावर, हा ट्विस्ट. पुन्हा क्रॉस. असंच पुढच्या प्रत्येक उभ्या जोडीबरोबर. कडेला पोचल्यावर आडव्या जोडीला एक ट्विस्ट, टाचणी, आणि वळण नखाने टाचणीला चिकटवून घ्यायचं. चार-पाच ओळींनी उभ्या तारा हलक्या हाताने सरळ करा. ओढल्या तर पट्टी मध्ये आवळते आणि कडेच्या टाचण्या वाकतात. हा पहिली पाच सेंमी होईपर्यंत सगळ्यांचाच छळ असतो. बॉबिन टाचणीपासून ७-८ सेंमीवर ठेवा. बॉबिन बोटांत फिरलं तर तारेला पीळ बसतो आणि बारीक फास तयार होतो. तो दिसला की हात थांबवा, फासात टाचणी घालून तो आतून उघडा. आवळला गेला तर ती जागा पुढे तुटणारच, म्हणून तिथे नवी तार मागच्या टाचणीवर अडकवून तीन-चार ओळी जुन्या तारेबरोबर चालवा आणि जुनी नंतर कापा. दोन टाके उसवता येतात. त्याहून जास्त उसवलं की तांबं वाकून वाकून कडक होतं आणि मोडतं.

शेवटी गाठ मारू नका. प्रत्येक जोडीला चार पीळ द्या, ४ मिमी ठेवून साइड कटरने कापा (कापताना टोक उडतं, चष्मा घाला), टोक मागे वळवून सपाट पक्कडीने दाबा. टाचण्या त्यानंतरच काढायच्या. स्टार्च लागत नाही.

अशा चार-पाच पट्ट्यांच्या कडा सरळ आल्या की चांदी घ्या. कारागिराकडून ९९९ शुद्धतेची ०.२ मिमी तार ओढून आणि तावून (तापवून मऊ करून) घ्यायची. तावलेली नसेल तर तीही सतारीच्या तारेसारखीच उसळते.