मेलबर्नला पोरीकडे चाललात? उतरल्यावरचे पहिले चार-पाच दिवस असे काढा

वरूड-मोर्शीकडं आता गावोगावी एखादं तरी घर असं सापडतं, ज्याचं पोरगं नाहीतर पोरगी बाहेरदेशी आहे. मग बाळंतपण निघतं, नाहीतर नवीन घर घेतलेलं असतं, आणि इकडं आईबापांची पासपोर्टसाठी धावपळ सुरू होते. तिकीट, व्हिसा, विमा हे सगळं पोरं घरबसल्या करून देतात. उतरल्यावर काय होतं ते मात्र कोणी सांगत नाही. आमची पोरगी मेलबर्नला आहे, म्हणून मी तिथलंच सांगतो.

सगळ्यात आधी एक गोष्ट गाठीशी बांधा. पहिले चार-पाच दिवस त्या देशाबद्दल काहीच ठरवायचं नाही. चांगलाही म्हणायचा नाही, वाईटही म्हणायचा नाही. तेव्हा जे वाटतं ते तुमच्या झोपेला, पायाला आणि पोटाला वाटत असतं.

आता विमानातलं थोडक्यात. नागपूरहून दिल्ली आणि दिल्लीहून मेलबर्न असं गेलात, तर दुसरं विमान साधारण बारा तासांचं. आत हवेचा दाब ६ ते ८ हजार फुटांवर असतो तेवढा ठेवतात, म्हणजे चिखलदऱ्याच्या जवळपास दुप्पट उंचीवर तुम्ही रात्रभर बसलेले असता. हवाही कोरडी ठाक असते. नाक सुकतं, ओठ फुटतात, पाय सुजतात. आपली माणसं काय करतात, तर लघवीला उठावं लागेल, शेजारच्याला त्रास होईल, म्हणून पाणीच पीत नाहीत. असं करू नका. पोरांना सांगून वाटेकडेची खुर्ची घ्या, पाणी पीत राहा, तास-दीड तासानं उठून मागं चक्कर मारा. बूट थोडे सैल घ्या. गुडघे दुखत असतील तर तिकिटासोबतच व्हीलचेअर सांगून ठेवा. तिचे पैसे लागत नाहीत, आणि दिल्लीच्या त्या लांबच लांब टर्मिनलमध्ये सोबत माणूस मिळतो.

स्वेटर आणि कानटोपी हातातल्या बॅगेत ठेवा, मोठ्या बॅगेत नाही. तिकडचे ऋतू उलटे. आम्ही मेच्या शेवटी निघालो (बाळंतपण काही पेरणी पाहून येत नाही), तेव्हा इकडं ४५ अंशांत डांबर पाघळत होतं आणि तिकडं सकाळी सहा-सात अंश. विमानतळाच्या दाराबाहेर पाय ठेवला की थंडी सरळ कानात शिरते. गोळ्या-औषधंसुद्धा हातातल्याच बॅगेत, मूळ पाकिटात, आणि डॉक्टरची इंग्रजी चिठ्ठी सोबत. तीन महिन्यांपुरती औषधं नेता येतात. बीपी-शुगरवाल्यांनी गोळ्यांची वेळ कशी सरकवायची ते निघायच्या आधी डॉक्टरला विचारून कागदावर लिहून घ्यावं.

आता खरा मुद्दा, तो म्हणजे कार्ड. उतरायच्या आधी विमानात एक छापील कार्ड भरायला देतात. इंग्रजीत असतं. खिशात पेन ठेवा, आणि पोरीचा पत्ता, फोन, विमानाचा नंबर एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. त्या कार्डावर सामानाचे प्रश्न असतात: खायचं काही आणलं का, बी-बियाणं आहे का, लाकडाची वस्तू आहे का, माती लागलेलं काही आहे का. आणि एक प्रश्न खास आपल्यासारख्यांसाठीच असल्यासारखा आहे. गेल्या ३० दिवसांत शेतात किंवा गुराढोरांत गेले होते का?

शेतकरी माणसानं इथं "हो"वरच खूण करायची. विमानातला एखादा शहाणा सहप्रवासी सांगेल, "काका, नाही लिहा, लवकर सुटाल." ऐकू नका. खरं लिहिलं आणि वस्तू चालण्यासारखी नसली, तर विमानतळावरचे अधिकारी फारतर ती ठेवून घेतात. लपवलं आणि सापडलं तर जागेवर मोठा दंड, प्रसंगी व्हिसाही रद्द. सामानाचा वास घेत फिरणारी कुत्रीही असतात तिथं.

मी "हो" लिहिलं. बाजूच्या रांगेत पाठवलं. टेबलाशी एक बाई होती, हातात निळे हातमोजे. तिनं विचारलं, "फार्म?" मी म्हटलं, "ऑरेंज. टू काऊ." ती हसली आणि बोटानं बुटाकडं दाखवलं. बूट मी घरून ब्रशनं घासून नेले होते, तरी तिनं ते उलटे केले, टॉर्च लावला आणि तळव्याच्या नक्षीत बोटानं दाखवलं. ज्वारीच्या दाण्याएवढा काळ्या मातीचा कण तिथं अडकून होता. बूट आत घेऊन गेली, धुऊन आणले आणि ओलेच हातात दिले. रागाचा एक शब्द नाही. सगळं मिळून पंधराएक मिनिटं गेली असतील. सोबतची मंडळी म्हणतात, एवढ्याशा मातीसाठी एवढं काय! पण ज्याच्या गोठ्यात लाळ्या-खुरकूत येऊन गेलंय त्याला समजावून सांगावं लागत नाही. त्या देशात हा रोग १८७२ नंतर आलेला नाही, आणि त्यांना तो येऊ द्यायचा नाही. आपल्या कुठल्या गावानं एवढी राखण केली असती तर मी तरी त्या गावाला नमस्कार केला असता.

म्हणून बॅग भरतानाच विचार करा. संत्री, लिंबं, ओला कढीपत्ता, काही नाही. पेढे-बर्फी, दुधाची मिठाई नाही. तूर, हरभरा, मूग, तांदूळ, शेंगदाणे, धणे, जिरे, वाळलेली मिरची, यांवर तर सक्त बंदी, कारण धान्यात पडणारा खापरा नावाचा भुंगा त्यांच्याकडे जाऊ नये म्हणून. भिवापुरी मिरची कितीही आवडती असली तरी ती इथंच ठेवायची. कुरड्या, चटण्या वगैरे नेलंच तर एका वेगळ्या पिशवीत वरच ठेवा, कार्डावर लिहा आणि पिशवी उघडून पुढं करा. आमच्या कुरड्या त्यांनी पाहून परत दिल्या. वहिनीनं ऐनवेळी कोंबलेली धण्याची पुडी ठेवून घेतली. दंड काही झाला नाही.

बाहेर पोरगी दिसते, रडारड होते, ते मी लिहीत नाही.

घरी पोचल्यावर झोपेचं. मेलबर्न आपल्यापेक्षा साडेचार तास पुढं असतं. ऑक्टोबर ते एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत ते घड्याळ तासभर पुढं करतात, तेव्हा साडेपाच तास. म्हणजे तिथं रात्री दहाला सगळे झोपतात, तेव्हा तुमच्या अंगात संध्याकाळचे साडेपाच वाजलेले असतात. गुरं घरी यायची वेळ. झोप कशी लागेल? आणि सकाळी सहाला अंगात रात्रीचा दीड असतो. जन्मभर पहाटे पाचला उठणारा माणूस पहिल्या दिवशी साडेनऊला उठतो आणि घाबरतो, की आपल्याला काही झालं तर नाही ना. काही झालेलं नसतं. शरीराचं घड्याळ दिवसाला साधारण एक तास सरकतं, तेव्हा चार-पाच दिवस धरूनच चाला.

त्यावर औषध म्हणजे ऊन. सकाळी उतरलात तर लगेच पांघरुणात शिरू नका. आंघोळ करा, हलकं काही खा, आणि नऊ-दहाच्या उन्हात बाहेर अर्धा-पाऊण तास चाला. हे रोज. दुपारी फारच डोळे मिटले तर अर्ध्या तासाचा गजर लावून पडा. तीन तास घोरलात की रात्र गेलीच. चहा दुपारनंतर नको. हे आपल्याला जड जातं, मला गेलंच. रात्री दोनला जाग आली तर मोबाईल बघू नका, गावाकडं फोनही करू नका. इकडं तेव्हा साडेनऊ झालेले असतात, गप्पा रंगतात आणि झोप उडते.

आता जे मला सगळ्यात जास्त चकवून गेलं ते. फिरायला बाहेर पडलो, ऊन पाहिलं आणि मनात दिशा धरली. शेतकरी दिशा विचारत नाही, सावली पाहतो. पण त्या देशात दुपारी सूर्य उत्तरेला असतो. जूनमध्ये तर भरदुपारीही आकाशात खालीच, एवढा की बारा वाजता माणसाची सावली माणसाहून लांब आणि दक्षिणेकडं पडलेली. आपल्याला वाटतं आपण दक्षिणेला तोंड करून उभे आहोत, आणि असतो उत्तरेला. डोक्यातली सगळी दिशा फिरते, घराचं दार उलट्या बाजूला वाटतं, आणि उगाच अस्वस्थ होतं. बायकोला वाटलं चक्कर येते. चक्कर नव्हती. उपाय सोपा: पहिल्याच दुपारी अंगणात उभं राहा, सूर्याकडं तोंड करा आणि मोठ्यानं म्हणा, ही उत्तर. दोन-तीन दिवस म्हणा. मग उगवतीचा हात उजवा. चंद्रकोरही उलटी दिसते, तिचं मनावर घेऊ नका.

घरातल्या बारीकसारीक गोष्टी पोरी सांगायला विसरतात, कारण त्यांना सवय झालेली असते. संडासात पाणी नसतं, कागद असतो. टमरेल नाहीतर प्लास्टिकचा मग पहिल्याच दिवशी मागून घ्या, लाजून चार दिवस पोट धरून बसू नका. नळाचं पाणी तसंच प्यायचं असतं, चांगलं असतं. मोबाईलच्या चार्जरची आपली गोल पिन तिथल्या तिरप्या खाचांत बसत नाही, अडॅप्टर लागतो. गाडीत मागं बसलं तरी पट्टा बांधायचा. रस्ता ओलांडताना खांबावरचं बटण दाबून हिरवा माणूस दिसेपर्यंत थांबायचं. वाहनं आपल्यासारखीच डावीकडून चालतात, तेवढं एक बरं. आणि फोडणी! छताला धुराची घंटी असते. मिरचीची फोडणी कढईत पडली की ती घंटी किंचाळते आणि नुकतंच झोपलेलं बाळ जागं होतं. आधी वरचा पंखा चालू, खिडकी उघडी, मग मोहरी.

आता आवाजाचं. आमच्या घरच्या (म्हणजे बायको) दुसऱ्या दिवशी खिडकीत बसून म्हणाल्या, "मले तं हे गाव काही पटलं नाही जी. माणूसच दिसत नाही." खरंच दिसत नव्हता. गाड्या जातात, पण हॉर्न नाही. कुत्रं दोरीला बांधून येतं आणि गुमान जातं. ऐकू येतात ते पक्षी. कावळा तिकडचाही काळाच, पण लहान पोर कण्हल्यासारखा लांबलचक ओरडतो. पहिल्या पहाटे आमच्या घरच्या त्याच आवाजानं उठून नातवाच्या पाळण्याशी गेल्या होत्या. या शांततेला उत्तर म्हणजे रोज एकाच वेळी एकाच रस्त्यानं फिरणं. तीच माणसं रोज भेटतात, आधी मान हलवतात, मग "मॉर्निंग" म्हणतात. तुम्ही नमस्कार केला तरी चालतो. रस्त्याच्या कडेनं निलगिरी दिसेल, बांधावर पाहिलेलीच, पण ही तिची मूळ भूमी. एक पान चुरगाळून वास घ्या. आमच्या घरच्यांना तिथं पहिल्यांदा बरं वाटलं, असं त्यांनीच नंतर सांगितलं.

पहिल्या आठवड्यात पोरं सुट्टी काढून समुद्र, डोंगर, मोठे बाजार दाखवायला निघतात. त्यांचा उत्साह मोडू नका, पण पहिले तीन दिवस लांबचा प्रवास नको म्हणून स्पष्ट सांगा. झोपाळलेल्या डोळ्यांनी पाहिलेला समुद्र लक्षात राहत नाही, वर पोरीला वाटतं आईबापांना आवडलं नाही.

चौथ्या-पाचव्या दिवशी जायचंच असेल तर मेलबर्नच्याच डँडेनाँग या उपनगरात जा. तिथं आपल्याकडची दुकानं ओळीनं आहेत. तूरडाळ, धणे, मिरच्या, जे जे नागपूरला बॅगेतून काढून ठेवलं ते सगळं फळीवर मांडलेलं दिसेल. भाव डॉलरमध्ये असतो. डाळीच्या पिशवीसमोर उभं राहून रुपयात गुणाकार करणारा आणि मग आपल्याला क्विंटलला काय मिळालं ते आठवून "बाप्पा बाप्पा" म्हणणारा माणूस दिसला, तर तो आपल्याच भागातला समजा आणि बोलायला सुरुवात करा.