लिनक्सच्या स्टार्टअप सर्व्हिस आणि बूट मोड: कसं सांभाळायचं

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात झेरॉक्स सेंटर, शाळेची लॅब, सोसायटीचं ऑफिस अशा ठिकाणी जुन्या कॉम्प्युटरवर उबुंटू किंवा डेबियन टाकलेलं असतं. पावसाळ्यात लाइट जाते-येते, मशीन दिवसातून तीन-चार वेळा बंद-चालू होतं. अशा मशीनवर चालू झाल्याबरोबर आपोआप काय उठतं आणि कशापाशी अडतं, हे माहीत असलंच पाहिजे.

आधी एक करा: जुने सल्ले बाजूला ठेवा. मशीन चालू होताना सगळ्या सर्व्हिस, म्हणजे पडद्यामागे चालणारे प्रोग्राम, उठवण्याचं काम आता सिस्टमडी करतं. फेडोरानं २०११ साली १५व्या आवृत्तीत ते आणलं, उबुंटू १५.०४ आणि डेबियन ८ नं २०१५ साली. त्याआधीच्या लेखांत ‘इनिटटॅब फाइल बदला’ असं सांगितलेलं असतं. सिस्टमडी ती फाइल वाचतच नाही.

खालच्या आज्ञा उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या रोमन लहान अक्षरांत टाइप करायच्या. ‘सूडो’ म्हणजे पुढची आज्ञा रूटच्या, म्हणजे मुख्य व्यवस्थापक खात्याच्या, अधिकारानं चालव. टिंब, आडवी रेघ आणि मोकळी जागा इथे आहे तशीच.

सुरू करणं वेगळं, सुरूच राहणं वेगळं

‘स्टार्ट’ म्हणजे आत्ता चालू कर. ‘एनेबल’ म्हणजे पुढच्या प्रत्येक बूटला चालू कर. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही. ‘काल प्रिंटर चालत होता, आज सकाळी चालत नाही’ ही तक्रार आली, की पुष्कळदा कुणीतरी नुसतं स्टार्ट केलेलं असतं. दोन्ही एकदम हवं असेल तर:

सूडो सिस्टमसीटीएल एनेबल --नाउ कप्स

‘स्टॉप’ आणि ‘डिसेबल’चंही तसंच. ‘मास्क’ मात्र कुलूप आहे. मास्क केलेली सर्व्हिस हातानं किंवा दुसऱ्या सर्व्हिसनं मागितली तरी उठत नाही. गरज संपल्यावर ‘अनमास्क’ करायला विसरू नका, नाहीतर पुढचा माणूस तासभर डोकं धरून बसेल.

छपाईची सर्व्हिस, म्हणजे कप्स, थांबवून बघितलीत तर ती पुन्हा उठलेली दिसेल. कारण कप्स.सॉकेट आणि कप्स.पाथ ही दोन युनिट (सिस्टमडी सांभाळतं त्या प्रत्येक गोष्टीला युनिट म्हणतात) दारात उभी असतात. प्रिंटचं काम आलं की ती सर्व्हिसला हाक मारतात. स्टॉप करताना तशी सूचनाही येते, पण ती कुणी वाचत नाही. त्या मशीनवर छपाई नकोच असेल तर तिन्ही नावं एकाच आज्ञेत देऊन डिसेबल --नाउ करा.

काय बंद करावं

सिस्टमसीटीएल लिस्ट-युनिट-फाइल्स --स्टेट=एनेबल्ड

ही यादी वाचा. ब्लूटूथ नसलेल्या मशीनवर ब्लूटूथ बंद केलं तर काही बिघडत नाही. मोडेममॅनेजर बंद करा असं सगळीकडे लिहिलेलं असतं, पण नेट यूएसबी डोंगलवर असेल तर त्याला हात लावू नका. अवाही बंद केलं तर नेटवर्कवरचा प्रिंटर आपोआप सापडणं थांबेल. डीबस (प्रोग्रामांमधला निरोप्या) आणि लॉगिनडी (लॉगिन सांभाळणारी सर्व्हिस) यांना कधीच हात लावायचा नाही. नाव ओळखीचं नाही म्हणून सर्व्हिस बंद करू नका. आधी ‘सिस्टमसीटीएल स्टेटस’ आणि तिचं नाव देऊन ती काय करते ते वाचा.

वेळ कुठे जातो हे बघायला सगळे ‘सिस्टमडी-अ‍ॅनालाइझ ब्लेम’ सांगतात. त्यातले आकडे बेरजेचे नाहीत, कारण सर्व्हिस एकाच वेळी समांतर उठतात. वर दिसणाऱ्या सर्व्हिसमुळेच बूट रखडलं असं नसतं. त्याऐवजी ‘सिस्टमडी-अ‍ॅनालाइझ क्रिटिकल-चेन’ द्या. कोण कुणासाठी थांबलं ते साखळीसारखं दिसतं.

बूट मोड

मशीन कोणत्या अवस्थेपर्यंत उठायचं ते ठरवणाऱ्या जुन्या रनलेव्हलना आता टार्गेट म्हणतात. ३ म्हणजे मल्टी-यूजर.टार्गेट, नुसती काळी स्क्रीन. ५ म्हणजे ग्राफिकल.टार्गेट, नेहमीचा डेस्कटॉप. मॉनिटर न लावता फाइल ठेवायलाच वापरलेल्या मशीनला डेस्कटॉप कशाला?

सूडो सिस्टमसीटीएल सेट-डिफॉल्ट मल्टी-यूजर.टार्गेट

पुढच्या बूटपासून लागू. ‘आयसोलेट’ वापरलंत तर बदल त्याच क्षणी होतो आणि उघडा डेस्कटॉप, सेव्ह न केलेल्या फाइलसकट, जातो. गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना ती आज्ञा देऊ नका.

इमर्जन्सीत अडकलेलं मशीन

खरी अडचण इथे आहे, आणि सगळ्यात जास्त चुकीचे सल्लेही इथलेच.

चित्र नेहमीचं असतं. लाइट आली, मशीन चालू केलं, आणि काळ्या स्क्रीनवर लाल चांदण्या डावी-उजवीकडे फिरू लागल्या. शेजारी ‘अ स्टार्ट जॉब इज रनिंग’ अशी ओळ, पुढे सेकंद मोजणं चालू, आणि मर्यादा दीड मिनिट. दीड मिनिट संपलं की इमर्जन्सी मोड. लगेच कुणीतरी म्हणतं, हार्ड डिस्क गेली, फॉरमॅट मारा. फॉरमॅट मारू नका! बऱ्याचदा एवढंच झालेलं असतं, की डेटाची बाहेरची डिस्क, बूटला जोडायच्या डिस्कची यादी असलेल्या /ईटीसी/एफएसटॅब या फाइलमध्ये लिहिलेली आहे आणि ती आज जोडलेली नाही, किंवा फॉरमॅट केल्यामुळे तिचा यूयूआयडी (डिस्कचा ओळख क्रमांक) बदललाय. सिस्टमडी त्या डिस्कसाठी ९० सेकंद थांबतं आणि मग पुढे जायला नकार देतं. आधी डिस्कची केबल नीट बसवा आणि रीबूट करा.

तरीही तेच झालं तर ‘रेस्क्यू मोडमध्ये जा’ असा सल्ला मिळेल. या बिघाडाला तो उपयोगाचा नाही. रेस्क्यू मोड एफएसटॅबमधल्या डिस्क जोडायला बघतो, म्हणजे तिथेच पुन्हा अडकतो. इमर्जन्सी मोड फक्त मूळ विभाजन (सिस्टम बसवलेला डिस्कचा भाग) घेतो, तेही बहुधा केवळ वाचण्यापुरतं. म्हणून आधी लिहिण्याची परवानगी मिळवायची:

माउंट -ओ रीमाउंट,आरडब्ल्यू /

मग नॅनो या एडिटरनं /ईटीसी/एफएसटॅब उघडा, त्या डिस्कच्या ओळीच्या सुरुवातीला # टाका, सेव्ह करा, रीबूट. ओळ पुसू नका. ती पुढे लागणार आहे.

डेबियन बसवताना रूटचा पासवर्ड रिकामा सोडला असेल, तर ते खातं कुलूपबंद राहतं. मग इमर्जन्सी मोड ‘रूट अकाउंट इज लॉक्ड’ सांगून तिथेच थांबतो. अशा वेळी ग्रबच्या, म्हणजे लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामच्या, मेनूत ई दाबा, ‘लिनक्स’ या शब्दानं सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी एक जागा सोडून इनिट=/बिन/बॅश लिहा आणि कंट्रोल-एक्स दाबा. उबुंटूत मेनू दिसत नसेल तर चालू करताना जुन्या बायॉसवर शिफ्ट, नव्या यूईएफआयवर एस्केप. आत गेल्यावर वरचीच रीमाउंटची आज्ञा, तीच दुरुस्ती, मग ‘सिंक’ आणि ‘रीबूट -एफ’. ग्रबमधला बदल त्या एका बूटपुरताच असतो, त्यामुळे घाबरू नका. मात्र या वाटेनं पासवर्डाशिवाय रूट मिळतो. मशीन चारचौघांत ठेवलेलं असेल तर ग्रबला पासवर्ड लावा.

आपल्याकडे मशीनची भाषा मराठी किंवा कन्नड ठेवलेली असते. काळ्या कन्सोलवर ती अक्षरं नीट उमटत नाहीत, चौकोन दिसतात. आज्ञेच्या आधी एलसी_ऑल=सी (‘सी’ मोठं, आधीचीही अक्षरं मोठी) लिहिलं की संदेश इंग्रजीत येतात. लॉगिनच्या पासवर्डात देवनागरी किंवा कन्नड अक्षर ठेवूच नका. कन्सोलवर ते टाइप करता येणार नाही.

मशीन उठलं की ‘सूडो बीएलकेआयडी’नं डिस्कचा खरा यूयूआयडी बघा, # काढून एफएसटॅबमधली ओळ दुरुस्त करा आणि चौथ्या रकान्यात, मधे मोकळी जागा न सोडता, हे घाला:

डिफॉल्ट्स,नोफेल,एक्स-सिस्टमडी.डिव्हाइस-टाइमआउट=१०एस

आकडा इंग्रजीत टाइप करायचा. नोफेल म्हणजे डिस्क नसली तरी बूट अडवू नकोस. बाहेरच्या प्रत्येक डिस्कला हा शब्द हवाच, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मग ‘सूडो सिस्टमसीटीएल डीमन-रीलोड’ द्या आणि ‘फाइंडमाउंट’ हे ‘फाइंडएमएनटी’ असं आखूड लिहून, पुढे --व्हेरिफाय लावून फाइल तपासा. चूक असेल तर रीबूटच्या आधीच दिसते.

बहुतेक लेख नोफेलपाशी थांबतात, आणि तिथेच डेटाचा घोळ सुरू होतो. डिस्क जोडलेली नाही, पण ती जिथे जोडली जाते तो /डेटा हा रिकामा फोल्डर तर आहेच. फाइल शेअर करणारी सांबा सर्व्हिस (आज्ञेत तिचं नाव एसएमबीडी) त्यातच लिहू लागते. दिवसभराची बिलं मूळ डिस्कवर पडतात. दुसऱ्या दिवशी बाहेरची डिस्क लागली की ती तिच्याखाली झाकली जातात आणि सगळे ‘फाइल गायब’ म्हणून शोधत बसतात. म्हणून त्या सर्व्हिसला सांगावं लागतं, की डिस्क जोडल्याशिवाय उठू नकोस:

सूडो सिस्टमसीटीएल एडिट एसएमबीडी

उघडलेल्या पानावर वरच्या भागात, ‘याच्याखालचं पुसलं जाईल’ अशा अर्थाच्या ओळीच्या वर, [युनिट] आणि पुढच्या ओळीत रिक्वायर्समाउंट्सफॉर=/डेटा. इथे युनिटचं पहिलं अक्षर मोठं, आणि रिक्वायर्स, माउंट्स, फॉर या तिन्हींचंही. शब्द मात्र जोडून. नुसतं ‘आफ्टर’ लिहून भागत नाही. आफ्टर फक्त क्रम ठरवतं, डिस्क हवीच अशी अट घालत नाही. मूळ युनिट फाइलमध्येही बदल करू नका, पुढच्या अपडेटला तो पुसला जातो.

आता तपासणी: डिस्क काढून एक रीबूट, जोडून एक रीबूट. दोन्ही वेळा ‘सिस्टमसीटीएल --फेल्ड’ आणि ‘सिस्टमसीटीएल स्टेटस एसएमबीडी’ बघा. डिस्क नसताना सांबा बंद दिसली पाहिजे आणि बाकी मशीन नीट उठलं पाहिजे. हे दुकान उघडायच्या आधी, लाइट असताना करा.