दहावीच्या मुलांना पहिल्यांदाच शिकवणार असाल तर

दहावीचा वर्ग नव्याने हाती घेतला की आपलं सगळं लक्ष पोर्शन संपवण्याकडे असतं. सोलापूरच्या पूर्व भागात संध्याकाळची अभ्यासिका घेताना मला मात्र दिसत आलंय की पोर्शन संपलेली, घरी बिनचूक गणितं सोडवणारी मुलंसुद्धा पेपर हातात पडला की गारठतात. यातल्या कितीतरी मुलांच्या घरी एकाच खोलीत आई विड्या वळत असते आणि शेजारून यंत्रमागाची खडखड चालू असते. घरात तेलुगू किंवा कन्नड आणि पेपर मराठीत, असंही खूप जणांचं असतं. "लई टेन्शन यायलंय मॅडम," असं मूल म्हणालं की त्याला "टेन्शन घेऊ नको" एवढंच सांगून सोडू नका. त्याने टेन्शन जात नाही, पुढच्या वेळी मूल ते बोलून दाखवायचं थांबतं.

दडपणाची सवय लावता येते, हे माझं ठाम मत आहे. ती थोडी थोडी आणि ओळखीच्या माणसासमोर लावायची. दिवाळीनंतर दर रविवारी बीजगणित किंवा भूमितीचा 40 गुणांचा पूर्ण पेपर घ्या. दोन तास म्हणजे दोनच तास. एका बाकावर एक मूल, उत्तरपत्रिकेवर बैठक क्रमांक, भिंतीवर घड्याळ. शंका विचारायच्या नाहीत, मधे उठायचं नाही. 2023 पासून बोर्ड शेवटी 10 मिनिटं वाढवून देतं, पण सरावात ती धरू नका. खऱ्या पेपरात ती हाताशी उरली की मुलांना धीर येतो.

अशाच एका रविवारी भूमितीच्या पेपरात एक मुलगी पहिल्याच प्रमेयावर अडली. खोडरबर घासून घासून कागदाला भोक पडलं होतं आणि हातातला कंपास थरथरत होता. मी जवळ जाऊन हळूच म्हटलं, "पेन्सिल खाली ठेव. श्वास सोड, सावकाश सोड. आता पान उलट आणि येतंय ते आधी लिही." लांबवून श्वास सोडला की छातीतली धडधड उतरते. मग जमणारं एखादं उत्तर लिहून झालं की डोकं पुन्हा चालायला लागतं. आकडेमोड करताना आपण डोक्यात जे धरून ठेवतो, त्याची जागा काळजी अडवते. म्हणून ऐनवेळी समजुतीचं भाषण नको, हाताला काम द्या. पेपराआधी 10 मिनिटं मनातली भीती कागदावर उतरवली तर घाबरणाऱ्या मुलांना फायदा होतो, असं 2011 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकातल्या एका अभ्यासात मांडलं होतं. नंतरच्या सगळ्याच अभ्यासांत तसं आढळलं नाही, तरी मी ते सरावाच्या पेपराआधी करून घेते. कागद मी वाचत नाही, मुलं स्वतःच फाडून टाकतात.

जानेवारीत एकीकडे पूर्वपरीक्षा, दुसरीकडे होम मैदानावर भरणारी सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा. मुलांना एक संध्याकाळ जाऊ द्या. घरात कोंडून ठेवलेल्या मुलाचं मन तसंही होम मैदानावरच असतं.

पालकांशी बोलताना मी दोनच गोष्टी धरून बसते. शेजारच्या मुलाचे गुण घरात काढायचे नाहीत आणि पेपराच्या आदल्या रात्री जागरण करू द्यायचं नाही. मार्चमध्ये आपल्याकडचं ऊन लवकरच तापतं, त्यामुळे केंद्र आधी एकदा पाहून यावं, पाण्याची बाटली बरोबर असावी आणि सकाळी रोजचंच जेवण पोटात असावं.

मूल जेवेनासं झालं, रात्र रात्र जागायला लागलं किंवा "मला जगायचंच नाही" म्हणालं, तर अभ्यास बाजूला ठेवा. त्याला एकटं सोडू नका, घरच्यांना त्याच दिवशी बोलावून घ्या आणि डॉक्टरांकडे न्या. टेली मानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो, फोनला पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. तो क्रमांक मी जानेवारीच्या पालकसभेत फळ्यावर लिहिते. त्याखाली हेही लिहिते : एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीवर अकरावीला प्रवेश मिळतो आणि पुरवणी परीक्षा त्याच वर्षी होते.