स्कोपचा झिरो टिकत नाही? दोष शोधताना या चुका टाळा

झिरो म्हणजे रायफलवरच्या स्कोपची (नेमाच्या दुर्बिणीची) अशी जुळणी, की नेम धरला तिथेच गोळी पडावी. ती टिकत नाही तेव्हा काल कागदाच्या मधोमध बसलेल्या गोळ्या आज चार बोटं डावीकडे जातात. टरेट, म्हणजे नेम सरकवणारी स्कोपवरची चकती, काही क्लिक फिरवून मध्ये आणाव्यात, तर पुढच्या खेपेला उजवीकडे. अशा वेळी बहुतेकांचा पहिला संशय स्कोपवर जातो आणि पहिला हात टरेटवर. दोन्ही गोष्टी थांबवा. स्कोप आतून बिघडत नाही असं नाही, पण शोध घेतला की जास्त वेळा सापडतो तो ढिला स्क्रू, बॅरलला टेकणारा दस्ता किंवा बदललेलं काडतूस. आणि शिकारीच्या रायफलीत हा शोध अर्धवट सोडून चालत नाही. कागदावर चार बोटांच्या फरकाने काही बिघडत नाही. जनावराच्या बाबतीत तोच फरक म्हणजे जखमी होऊन झाडीत पळालेला, तडफडत राहिलेला जीव.

काहीही उघडण्याआधी रायफल रिकामी करा, चेंबर डोळ्यांनी आणि बोटाने तपासा, बोल्ट काढून बाजूला ठेवा.

प्रत्येक गोळीनंतर क्लिक फिरवणं

चांगला स्कोप बदनाम होतो तो सर्वांत जास्त या सवयीमुळे. तुमची रायफल १०० मीटरवर ४ सेंटिमीटरचा ग्रुप, म्हणजे एकाच नेमाने मारलेल्या गोळ्यांचा पुंजका, देत असेल, तर एकटी गोळी त्या ४ सेंटिमीटरांत कुठेही पडू शकते. ती उजवीकडे पडली म्हणून तुम्ही डावीकडे क्लिक दिले, पुढची मुळातच डावीकडे पडणार होती, ती आता आणखी डावीकडे गेली. मग उलटे क्लिक. दहा गोळ्यांनंतर कागद चाळणीसारखा दिसतो आणि झिरो ‘पळतोय’ असं वाटू लागतं. एकाच बिंदूवर नेम धरून पाच गोळ्या मारा, त्यांचा मध्य काढा आणि मग एकदाच बदल करा. पाव एमओएचा एक क्लिक १०० मीटरवर साधारण ७ मिलिमीटर सरकवतो, ०.१ मिलचा क्लिक १ सेंटिमीटर (एमओए आणि मिल ही कोनाची मापं).

पाच गोळ्यांचा कागद आणखी एक गोष्ट सांगतो, ती नीट वाचा. ग्रुप घट्ट आहे पण सगळाच सरकलाय, की ग्रुपच विखुरलाय? घट्ट ग्रुप सरकला असेल तर आधी स्वतःला विचारा: काडतुसांचा लॉट किंवा गोळीचं वजन बदललं का? रायफल कुठे आपटली का? मागच्या वेळी पुढचा दस्ता वाळूच्या पिशवीवर होता आणि आज बॅरलच टेकवली का? बॅरल नुकतीच साफ केली असेल तर पहिल्या एक-दोन गोळ्या वेगळ्या पडणं नवल नाही. गोळ्या एकामागून एक एकाच दिशेला चढत जात असतील तर बॅरल तापतेय. शिकारीची बारीक बॅरल लवकर तापते, आणि प्रत्यक्षात तुमची महत्त्वाची गोळी थंड बॅरलमधूनच सुटणार असते. म्हणून झिरोचा निकाल थंड बॅरलवरच लावा, मग प्रत्येक गोळीनंतर थांबावं लागलं तरी चालेल.

रिंग पाहणं आणि बेस विसरणं

स्कोपची नळी धरणाऱ्या कड्या म्हणजे रिंग; त्यांचे स्क्रू वर दिसतात म्हणून तेवढेच आवळले जातात. त्याखालचा बेस, म्हणजे रिसीव्हरवर (बॅरल जिथे बसते त्या रायफलीच्या मधल्या भागावर) स्क्रूने बसवलेला पाया, मात्र स्कोप काढल्याशिवाय दिसत नाही. सगळं उतरवा. बेसचा पुढचा स्क्रू अनेकदा गुन्हेगार निघतो: तो किंचित लांब असेल तर भोकाच्या तळाशी बॅरलच्या आट्यांवर जाऊन टेकतो. हाताला तो कडक लागतो, टॉर्क रेंचही (ठरलेल्या बळाने आवळणारा पाना) ‘झालं’ म्हणतो, पण बेस रिसीव्हरवर दाबला गेलेलाच नसतो. ओळखायचं कसं? बाकीचे स्क्रू काढा, तेवढा एकच आवळा आणि बेस बोटांनी हलवून पाहा. जरासा जरी डुगडुगला, तर स्क्रूचं टोक भिंगाखाली बघा. तिथे घासून चकाकलेला छोटा चपटा ठिपका दिसेल. प्रत्येक स्क्रूची अशी एकेकट्याने परीक्षा घ्या.

परत बसवताना आटे अल्कोहोलने पुसून तेल काढा. बेसच्या स्क्रूंना निळ्या थ्रेडलॉकरचा (आटे धरून ठेवणाऱ्या चिकट द्रवाचा) एक थेंब पुरतो. लाल वापरू नका, तो तापवल्याशिवाय सुटत नाही. रिंगच्या स्क्रूंना लावायचा की नाही हे बनवणाऱ्याच्या पत्रकात पाहा, कारण ओल्या आट्यांवर तोच टॉर्क स्क्रूला जास्त ताणतो. रिंगच्या वरच्या पट्टीसाठी साधारण १५ ते १८ इंच-पाउंड, म्हणजे सुमारे १.७ ते २ न्यूटन-मीटर, एवढं बळ पुरेसं असतं. पत्रकात वेगळा आकडा असेल तर तोच धरा. त्याहून जास्त आवळल्यास स्कोपची नळी दबते आणि आतली हलणारी नळी अडकते. ढिलेपणा घालवायला जावं आणि खरा बिघाड पदरात पडावा, असा हा प्रकार.

रेलवर (खाचांच्या पट्टीसारख्या बेसवर) माउंट, म्हणजे रिंगांसह स्कोप धरणारा भाग, बसवताना तो खाचेत पुढे, तोंडाच्या दिशेने, रेटून मगच आवळा. धक्क्याने रायफल मागे येते आणि स्कोप जागेवरच राहू पाहतो. पुढे मोकळी जागा राहिली असेल तर माउंट तेवढा सरकतो. शेवटी प्रत्येक स्क्रूवरून रिंगपर्यंत आणि रिंगवरून नळीपर्यंत रंगाची बारीक रेघ ओढा. पुढच्या वेळी रेघ तुटलेली दिसली की शोध तिथेच संपतो.

दस्त्याकडे दुर्लक्ष

रिसीव्हर दस्त्यात धरणारे स्क्रूही ढिले होतात, आणि लाकूड दमट हवेत फुगतं. बॅरल मोकळी राहावी अशी रचना असेल तर तिच्याखालून कागदाची पट्टी रिसीव्हरपर्यंत सरकवा. जिथे अडली, तिथे दस्ता टेकतोय.

स्कोपवर संशय घेताना

इथवर सगळं ठीक निघालं, तरच स्कोपकडे या. टरेट एका टोकाला जाऊन पोहोचला असेल तर आतल्या स्प्रिंगला नळी घट्ट धरता येत नाही. उपाय म्हणजे टरेट मध्यावर आणून बेसची दिशा किंवा उंची सुधारणं. डोकं किंचित हलवल्यावर रेटिकल (स्कोपमधली नेमाची फुली) लक्ष्यावरून सरकताना दिसत असेल तर तो पॅरॅलॅक्स आहे. गाल दर वेळी एकाच जागी टेकवा.

मग चौकोनाची चाचणी करा. नेम एकाच बिंदूवर ठेवून एक ग्रुप मारा. २० क्लिक वर, २० उजवीकडे, २० खाली, २० डावीकडे, प्रत्येक कोपऱ्यावर ग्रुप. शेवटचा ग्रुप पहिल्यावर परतला नाही तर टरेट विश्वासाचा नाही. पण चौकोन नीट पूर्ण झाला म्हणून स्कोप धक्का सोसतोच असं नाही. त्यासाठी खात्रीचा दुसरा स्कोप त्याच रिंगांत बसवा आणि तीच काडतुसं वापरा. तो स्थिर राहिला तर दोष पहिल्यातच आहे. स्प्रिंगच्या एअर रायफलवर धक्का दोन्ही दिशांनी बसतो, म्हणून तिथे त्या कामासाठीच बनवलेला स्कोप लागतो. साधा स्कोप तिथे आतून खिळखिळा होतो.

दुरुस्तीला पाठवताना स्कोपसोबत दोन्ही स्कोपने मारलेल्या ग्रुपचे कागद द्या, आणि त्यांवर अंतर, काडतूस, क्लिकचे आकडे लिहा. ‘झिरो टिकत नाही’ एवढ्या तक्रारीवर दुरुस्ती करणाऱ्याला काहीच शोधता येत नाही.