जुन्या पत्रांची तारीख ठरवताना

सोलापुरातील अनेक घरांच्या ट्रंकांमध्ये १९३० च्या मार्शल लॉच्या (लष्करी अंमलाच्या) काळातील पत्रे आजही असतील. त्यांवर अनेकदा इंग्रजी तारीख नसते, केवळ मिती (पंचांगातील महिना व तिथी) आणि शालिवाहन शक असतो. इसवी सन काढण्यासाठी चैत्रापासून कार्तिकापर्यंतच्या मितीसाठी शकात ७८ मिळवावेत. मार्गशीर्ष-पौषात जानेवारी कधी लागतो ते जुन्या पंचांगात पाहावे आणि माघ-फाल्गुनासाठी ७९ मिळवावेत. म्हणजे वैशाख, शके १८५२ असे लिहिलेले पत्र १९३० च्या एप्रिल-मे महिन्यांतील, ऐन धामधुमीतील ठरते, तर त्याच शकातील माघाचे पत्र १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात सोलापूरच्या चार हुतात्म्यांना फाशी दिल्यानंतरचे असते.

मिती अपुरी असेल तर पाकिटावरील टपालाचा शिक्का हाच आधार उरतो. म्हणून तिकिटाच्या हौसेपायी पाकीट कापू नये आणि ते पत्रापासून वेगळेही करू नये, कारण एकदा तुटलेला हा संबंध पुन्हा जुळवणे फार अवघड असते.

ठरवलेली तारीख पत्रावर पेनाने लिहू नये. ती वेगळ्या कागदावर, अनुमान कशावरून केले यासह नोंदवावी. गंजलेल्या टाचण्या हलक्या हाताने काढाव्यात. चिकटपट्टी आणि लॅमिनेशन मात्र कटाक्षाने टाळावे.