फाउंडेशन आणि कन्सीलर: त्वचा त्वचेसारखीच दिसावी म्हणून

फाउंडेशन लावल्यावर चेहरा राखाडी दिसू लागला, तर दोष बहुधा हाताचा नसून छटेचा असतो. म्हणून सर्वांत जास्त वेळ छटा निवडण्यात घालवावा. दुकानात मनगटावर लावून पाहण्याची पद्धत रूढ असली, तरी हाताचा आणि चेहऱ्याचा रंग क्वचितच सारखा असतो. त्याऐवजी जवळच्या दोन-तीन छटांच्या रेघा जबड्याच्या कडेवरून मानेपर्यंत ओढाव्यात, बाहेर दिवसाच्या उजेडात जावे आणि पंधरा-वीस मिनिटे थांबावे. कारण चेहऱ्यावरचे तेल मिसळले की अनेक फाउंडेशने थोडी गडद होतात. जी रेघ त्वचेत मिसळून दिसेनाशी होते, ती आपली छटा. गव्हाळ व सावळ्या वर्णात बहुतेकदा पिवळसर, सोनेरी किंवा किंचित हिरवट झाक असते, त्यामुळे गुलाबी झाकेची छटा त्यावर उपरी दिसते. ‘एक नंबर उजळ घ्या’ हा विक्रेत्यांचा नेहमीचा सल्ला खुशाल नाकारावा.

चेहरा धुऊन मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन लावावे व दहा मिनिटे मुरू द्यावे. घाईने लावलेले फाउंडेशन सनस्क्रीनवर गोळा होऊन सुटते.

फाउंडेशन थोडेच घ्यावे. कपाळ, नाक, हनुवटी आणि गालांचा नाकाजवळचा भाग येथे ठिपके देऊन ते बाहेरच्या दिशेने पसरवावे, म्हणजे कानांजवळ आणि केसांच्या कडेला थर जवळजवळ उरत नाही. स्पंज पाण्यात भिजवून घट्ट पिळावा आणि त्वचेवर घासण्याऐवजी हलकेच दाबत न्यावा. घासल्याने थर सरकतो व पट्टे पडतात. जिथे त्वचा मुळातच एकसारखी आहे, तिथे काहीही न लावले तरी चालते.

कन्सीलर, म्हणजे डाग झाकण्याचे दाट प्रसाधन, त्यानंतर लावावा, कारण निम्मे डाग फाउंडेशनखालीच झाकले जातात आणि उरलेल्यांपुरताच तो लागतो. मुरमाच्या डागावर त्वचेशी तंतोतंत जुळणारी छटा बारीक ब्रशने टेकवावी आणि फक्त तिच्या कडा मिसळाव्यात. उजळ छटेने डाग उलट उठून दिसतो. डोळ्यांखालच्या काळ्या वर्तुळांचे गणित वेगळे आहे. त्यांवर थेट फिकट कन्सीलर लावल्यास राखाडी सावली उमटते, म्हणून आधी पीच रंगाचा, वर्ण गडद असल्यास नारिंगी रंगाचा करेक्टर अगदी पातळ लावावा. त्याने निळसर-तपकिरी काळेपणा मारला जातो. मग त्यावर जरासा कन्सीलर अनामिकेने थोपटावा. ओठांच्या कोपऱ्यांजवळच्या काळसरपणालाही हाच उपाय चालतो.

पावडर नाक, कपाळ आणि डोळ्यांखालीच लावावी, आणि तीही कन्सीलर सुरकुत्यांत साचला असल्यास तो बोटाने सारखा केल्यावर. लग्नसमारंभासाठी तयार होत असाल, तर निघण्यापूर्वी फ्लॅश लावून एक फोटो काढून पाहावा, कारण टायटॅनियम डायऑक्साइड असलेले सनस्क्रीन किंवा सिलिकाची पावडर आरशात दिसत नाही, पण फ्लॅशच्या उजेडात पांढरी चमकते.