‘होता’ दिसला की ‘वॉज’ लावू नका: मराठी मीडियममधून नर्सिंगला आलेल्यांसाठी

नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या मुली भेटल्या की हमखास विचारतात, “ताई, इंग्रजी कसं सुधारायचं?” सगळं इंग्रजी सुधारायच्या मागे लागूच नका. आधी भूतकाळ पक्का करा. वॉर्डात सुरुवातीला तोच लागतो. रिपोर्ट लिहायचा तो होऊन गेलेल्या गोष्टींचा, ओव्हर द्यायची, म्हणजे ड्युटी बदलताना पुढच्या सिस्टरला पेशंटची माहिती सांगायची, तीही होऊन गेलेल्या गोष्टींची, आणि सकाळी राउंडला आलेले डॉक्टर विचारणार तेही रात्री काय झालं हेच. भूतकाळातही दोनच प्रकार आत्ता बघा, साधा आणि चालू. बाकीचे आपापल्या वेळी येतील.

वॉज, वेअर, आयएनजी, ईडी हे शाळेत झालंय असं धरून चालते. महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. आमच्या बॅचने एबीसीडी गिरवली ती पाचवीत. तरीही आमचे आणि तुमचे रिपोर्ट शेजारी ठेवले तर चुका अगदी त्याच, कारण वाक्य मनात मराठीत तयार होतं आणि मग एकेक शब्द उचलून इंग्रजीत ठेवला जातो. मीही कितीतरी वर्षं हेच केलं. आजही नाइट ड्युटीच्या शेवटी डोळे मिटायला लागले की हात तिकडेच वळतो.

तर मुख्य सापळा. मराठीत ‘होता’ नाना कामं करतो. इंग्रजीत ती कामं वेगवेगळ्या रूपांत विभागलेली आहेत, आणि आपण सगळीकडे ‘वॉज’ ठोकून देतो.

सगळ्यात जास्त दिसतं ते तापाचं वाक्य. ‘पेशंटला ताप होता.’ रिपोर्टमध्ये काय येतं? ‘पेशंट वॉज हॅविंग फीवर.’ बरोबर आहे ‘द पेशंट हॅड अ फीवर.’ ताप असणं, दुखणं असणं, माहीत असणं, हवं असणं, समजणं या स्थिती आहेत, आणि स्थितीला इंग्रजी सहसा आयएनजी लावत नाही. ‘नातेवाइकांना माहीत नव्हतं’ हे ‘रिलेटिव्ह्ज वेअर नॉट नोइंग’ होत नाही, ‘डिडन्ट नो’ होतं. ‘त्याला पाणी हवं होतं’ म्हणजे ‘ही वॉन्टेड वॉटर’. ‘वॉज हॅविंग फीवर’ आपल्याकडे मोठमोठे डॉक्टरही बोलून जातात, म्हणून वॉर्डात तुम्हाला कुणी अडवत नाही. पण फिट येत होती तेव्हा मात्र ‘ही वॉज हॅविंग अ सीझर’ बरोबर, कारण फिट ही चालू असलेली घटना आहे. ‘हॅविंग’ आलं की सरसकट खोडू नका, असलेली गोष्ट आहे की घडत असलेली, एवढं बघा.

दुसरं, मोजलेली गोष्ट. ‘रात्री पेशंट तीनदा उलटी करत होता’ असं आपण बोलतो आणि लिहितो ‘ही वॉज व्हॉमिटिंग थ्री टाइम्स’. तीनदा म्हटलं की तीन घटना झाल्या आणि संपल्या, म्हणून ‘ही व्हॉमिटेड थ्री टाइम्स’. दोनदा, चार वेळा असा आकडा वाक्यात असला की साधा भूतकाळ. एवढा एक नियम पाळलात तरी रिपोर्टमधल्या कितीतरी चुका जातील.

तिसरं, सवयी. केस हिस्टरी घेताना नातेवाईक सांगतात, “बाबा आधी दिवसाला एक बंडल बिडी ओढत होते.” हे ‘ही वॉज स्मोकिंग’ लिहिलंत तर वाचणाऱ्याला वाटेल बाबा त्या वेळी बिडी ओढत बसले होते. इथे ‘ही यूज्ड टू स्मोक’ किंवा साधं ‘ही स्मोक्ड’. मराठीत ‘ओढत होते’च्या जागी ‘ओढायचे’ चालत असेल, तर इंग्रजीत आयएनजी नको. ही ‘-यचे’ची चाचणी कुठल्या क्लासमध्ये सांगत नाहीत, का कोण जाणे.

चौथं मला सगळ्यात उशिरा कळलं, म्हणून जरा सविस्तर सांगते. वरच्या तिन्ही ठिकाणी आपण आयएनजी नको तिथे घालतो. इथे उलटं होतं. ‘आजी कॉटवर बसल्या होत्या.’ मराठीत रूप पूर्ण भूतकाळाचं, म्हणून शाळेत शिकल्याप्रमाणे आपण ‘हॅड सॅट’ लिहितो. पण आजी तर त्या वेळी बसलेल्याच होत्या ना? इंग्रजी म्हणतं ‘शी वॉज सिटिंग ऑन द बेड’. आणि मराठीत ‘आजी बसत होत्या’ म्हटलं तर आजी हाताचा आधार घेऊन खाली टेकत आहेत असं चित्र उभं राहतं. उभा होता, आडवा झाला होता, झोपला होता, कठड्याला टेकला होता, शर्ट घातला होता, ऑक्सिजनचा मास्क लावला होता, ही सगळी मराठीत ‘-ला होता’वाली मंडळी आहेत आणि इंग्रजीत त्यांना चालू भूतकाळ लागतो: ‘वॉज स्टँडिंग’, ‘वॉज लाइंग’, ‘वॉज स्लीपिंग’, ‘वॉज वेअरिंग अ मास्क’. शरीराची ठेवण आणि अंगावरच्या वस्तू, एवढ्यांची यादी करून लॉकरच्या दाराला आतून चिकटवा. मी चिकटवली होती.

पाचवं म्हणजे नुसता ‘गेले होते’. ‘काल मी एक्स-रे डिपार्टमेंटला गेले होते’ याचं ‘आय हॅड गॉन’ करू नका, ‘आय वेंट’ पुरतं. वाक्यात काल, परवा, रात्री दोन वाजता असं काही असलं आणि दुसरी कुठलीच घटना नसली, की ‘हॅड’ला हात लावायचं कारण नाही.

आता छोट्या गोष्टी भराभर. ‘सर राउंड घेत होते’ हे मराठीत मानाचं अनेकवचन आहे. इंग्रजीत डॉक्टर कितीही मोठे असले तरी एकच, म्हणून ‘द डॉक्टर वॉज डूइंग अ वॉर्ड राउंड’. ‘वेअर’ लावून मान वाढत नाही. ‘डिड’ आला की पुढचं क्रियापद मूळ रूपात, मग ‘डिड ही टूक’ नाही, ‘डिड ही टेक’. पेशंट पडला हे ‘फेल’, पेशंटला बरं वाटलं हे ‘फेल्ट बेटर’; ‘पेशंट फेल्ट डाउन’ लिहू नका, ही चूक मी सीनियर सिस्टरांच्या फायलींतही पाहिली आहे. रक्त वाहिलं तर ‘ब्लेड’. ‘पुट’, ‘कट’, ‘हर्ट’ भूतकाळातही तसेच राहतात. बोलताना ‘वॉकेड’, ‘कॉफेड’ म्हणू नका, ‘वॉक्ट’, ‘कॉफ्ट’ म्हणा. ‘एड’चा उच्चार टी किंवा डीच्या उच्चाराने संपणाऱ्या क्रियापदांनाच, जसं ‘व्हॉमिटेड’, ‘नीडेड’. क्रियापदांच्या तीन रूपांचा तक्ता पाठ करायला बसू नका. वॉर्डात फिरून फिरून तीच चाळीसेक येतात. त्यातली दुसरी रूपं आली की झालं.

मला राग आहे तो शॉर्टकट विकणाऱ्यांचा. महिन्याभरात फाडफाड इंग्रजीवाले क्लास बारा काळांचा तक्ता फळ्यावर मांडतात आणि तुम्ही तो वहीत उतरवून खूश होता. तक्ता पाठ असलेली मुलगी रात्री तीन वाजता एक ओळ लिहू शकत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. मोबाइलवरची ॲप्स वाईट नाहीत, पण तिथे गाळलेल्या जागी चारातला एक पर्याय निवडायचा असतो. रिपोर्टमध्ये पर्याय देणारं कुणी नसतं. आणि सगळ्यात घातक सल्ला प्रेमाने दिला जातो: “अगं, सगळं साध्या भूतकाळात लिहून टाक, चुकणार नाही.” मला तो दिला होता आणि मी मानलाही होता. मग बघा काय होतं. पेशंट पडला तेव्हा तुम्ही नऊ नंबरचं सलाइन तयार करत होतात. लिहिलंत, ‘व्हेन द पेशंट फेल, आय प्रिपेर्ड अ ड्रिप फॉर बेड नाइन.’ वाचणारा काय समजेल? पेशंट पडला आणि त्यानंतर ही बाई शांतपणे सलाइन तयार करायला गेली! ‘आय वॉज प्रिपेरिंग’ लिहिलं असतं तर त्या वेळी हातात काम होतं हे एका शब्दात कळलं असतं. अशी वाक्यं चौकशीत मोठ्याने वाचली जातात, आणि तेव्हा ‘मला तसं म्हणायचं नव्हतं’ याला फारसा अर्थ उरत नाही. नर्सिंगमध्ये पहिल्या दिवसापासून ऐकवतात की जे लिहिलं नाही ते केलं नाही. चुकीच्या काळात लिहिलेलंही असंच अंगावर येतं.

घाबरवायचं नाहीये. दोन काळांतला फरक पकडायला तुमच्याकडे वर्गापेक्षा चांगली जागा आहे, ती म्हणजे ओव्हर. तुम्ही वॉर्डात पाऊल टाकलंत त्या वेळी जे चालू होतं ते चालू भूतकाळात. त्यानंतर तुमच्या ड्युटीत जे जे घडलं आणि संपलं ते साध्यात. मधेच एखाद्या घटनेने दुसरी चालू गोष्ट तोडली तर दोन्ही एका वाक्यात. मी आमच्या मुलींना असं लिहायला लावते:

‘व्हेन आय केम ऑन ड्युटी ॲट एट पीएम, द पेशंट वॉज लाइंग ऑन हिज लेफ्ट साइड. ही वॉज वेअरिंग ॲन ऑक्सिजन मास्क. द ड्रिप वॉज रनिंग. ही हॅड अ फीवर. आय गेव्ह हिम पॅरासिटामॉल ॲट एट थर्टी. ही व्हॉमिटेड ट्वाइस. ॲट टू एएम ही वॉज वॉकिंग टू द टॉयलेट व्हेन ही फेल्ट गिडी. आय हेल्प्ड हिम बॅक टू बेड अँड इन्फॉर्म्ड द डॉक्टर.’

आता एकेक ओळ मराठीत मोठ्याने म्हणून बघा. ‘पडून होता’, ‘मास्क लावला होता’, ‘सलाइन चालू होतं’, ‘ताप होता’, ‘चालत होता’. ‘होता’ प्रत्येक ठिकाणी आहे, आणि तापाच्या ओळीत ‘वॉज’ नाही, मास्कच्या ओळीत ‘हॅड’ नाही. शेवटच्या ओळीतलं ‘हेल्प्ड’ आणि ‘इन्फॉर्म्ड’ एकामागून एक झालेली कामं आहेत, म्हणून दोन्ही साधी. तिथे ‘वॉज इन्फॉर्मिंग’ लिहिलं असतं तर डॉक्टरांना कळवणं पूर्ण झालं की नाही हाच प्रश्न राहिला असता.

सराव करताना पेशंटचं नाव, बेड नंबर घरच्या वहीत लिहू नका, हे वेगळं सांगायला नको. पेशंट मिळाला नाही तर घर घ्या. संध्याकाळी दार उघडलंत तेव्हा आई काय करत होती, भाऊ कुठे लोळत पडला होता, टीव्हीवर काय चालू होतं. मग लाइट गेली, कुकरची शिट्टी झाली, शेजारच्या काकू विरजण मागायला आल्या. थोड्याच ओळी, पण पेनने. टाइप केलंत की मोबाइल परस्पर दुरुस्त करतो आणि तुम्हाला वाटतं तुम्हीच बरोबर लिहिलं.

वही दाखवायची कुणाला, यावर माझं ठाम मत आहे. जी सीनियर तुम्हाला तयार वाक्य सांगते आणि “हेच उतरव” म्हणते ती तुमचा वेळ वाचवते आणि तुम्हाला तिथेच ठेवते. आमच्या एक इन्चार्ज सिस्टर नुसती लाल पेनने रेघ मारायच्या, एक अक्षर बोलायच्या नाहीत. तेव्हा त्यांचा भयंकर राग यायचा. पण रेघेखालचा शब्द का चुकला हे मला शोधावं लागलं, म्हणून लक्षात राहिलं. अर्थात सगळ्यांना हा खाक्या मानवत नाही. आमच्या बॅचमधल्या एकीने त्या लाल पेनच्या धास्तीने इंग्रजी लिहिणंच टाळलं, पूर्ण पोस्टिंगभर दुसरीकडून लिहून घेतलं. तुम्ही तशा असाल तर बरोबरीची मैत्रीण शोधा, एकमेकींच्या वह्या बदला. शिक्षिका असण्याची गरज नाही; दुसरीची चूक आपल्याला लगेच दिसते, स्वतःची दिसत नाही.

ज्यांना पुढे यूकेला वगैरे जायचंय त्यांच्यासाठी एवढंच. तिथली नर्सिंग कौन्सिल इंग्रजीसाठी आयईएलटीएस ही सर्वसाधारण इंग्रजीची परीक्षा किंवा ओईटी ही आरोग्यसेवेतल्यांसाठीची इंग्रजीची परीक्षा मागते. ओईटीच्या लेखी पेपरला 45 मिनिटं असतात आणि केस नोट्स वाचून एक पत्र लिहायचं असतं. नोट्स तुटक असतात, ‘कम्प्लेंट्स ऑफ पेन’, ‘फेल ॲट होम’ अशा. त्यातून पूर्ण वाक्यं उभी करायची, म्हणजे कुठली गोष्ट संपली, कुठली त्या वेळी चालू होती आणि कुठली अजून चालू आहे हे तुम्हाला ठरवावं लागतं. तिथे ‘वॉज हॅविंग फीवर’चे मार्क जातात. पण ती तयारी दोन-तीन वर्षांनंतरची, पहिल्या वर्षाला असताना त्याची पुस्तकं विकत घेऊ नका. महाग असतात, आणि ‘हॅड बीन’ बघून हबकायला होतं.

‘हॅड’ शिकायचा कधी, हेही मुली विचारतात. एखादं काम दुसऱ्या घटनेच्या आधी उरकलं होतं हे सांगायची गरज रिपोर्टमध्ये खरोखर पडेल तेव्हा. ‘डॉक्टर आले त्याआधीच मी बीपी घेतलं होतं.’ हे वाक्य लिहायची वेळ आली आणि ‘टूक’ने काम भागत नाही असं तुमचं तुम्हालाच जाणवलं, की त्या दिवशी वहीचं नवीन पान उघडा.